तार्दी वाचायचा कसा

मी चित्रकला शिकवते. कॉमिक्स काढायची हौस असलेलं कोणी वर्गात आलं की त्याच्या हाती मी फ्रेंच कॉमिक्सकार जाक तार्दी देते. मुलं तो भराभर चाळतात आणि "फारच काळं आहे हो मॅडम" म्हणून परत करतात. तार्दी चाळून कळत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात त्याच्या १९९३ च्या पहिल्या महायुद्धावरच्या पुस्तकापासून करा: 'सेते ला गेर दे त्रांशे', म्हणजे 'ते खंदकांचं युद्ध होतं'. इंग्रजी भाषांतर मिळतं. आदेल ब्लां-सेक या नायिकेची त्याची मालिका जास्त गाजलेली असली तरी ती नंतर वाचा.

पुस्तकात नायक शोधू नका. एखादा शिपाई येतो, त्याचं नाव कळतं, आणि काही पानांत तो मरतो. मग दुसरा. हे इतिहासकाराचं काम नाही, असं तार्दी आधीच सांगून टाकतो.

आता पान बघा. बहुतेक पानांवर एकाखाली एक अशा तीन आडव्या चौकटी आहेत. खालच्या दोन कोऱ्या कागदाने झाका आणि मजकूर न वाचता फक्त वरची बघा. आधी जमीन: चिखल, तारा, फळकुटं, त्यात रुतलेलं काय काय. मग आभाळ किती उरलंय ते. चेहरे सगळ्यात शेवटी. चौकट इतकी बुटकी आणि लांबट आहे की माणसाला त्यात ताठ उभं राहायला जागाच नाही. खंदकातला वाकलेपणा तार्दीने पानाच्या रचनेतच आणलाय. हे दिसलं की मग मजकूर वाचा.

साल ओळखायला डोक्याकडे बघा. कापडी केपी टोपी असेल तर युद्धाचा सुरुवातीचा काळ. पोलादी हेल्मेट फ्रेंच शिपायांना १९१५ मध्ये मिळालं. असे तपशील तो अंदाजाने काढत नाही. जाँ-पिएर व्हेर्ने या अभ्यासक-संग्राहकाची त्याला मोठी मदत झाली. २००८-०९ च्या 'प्यूतँ द गेर' या पुस्तकात तर दोघांची नावं बरोबरीने आहेत. ते दुसरं वाचा, आणि रंगांवर लक्ष ठेवा. १९१४ मधल्या लाल विजारी ठसठशीत आहेत, पण युद्ध लांबत जातं तसा रंग पानांतून ओसरतो.

तार्दीचे आजोबा त्या युद्धात होते. त्यांची एक हकीकत त्याला आजीकडून कळली. अंधारात तोफगोळे सुरू झाले म्हणून आजोबा जमिनीवर पालथे पडले. उजेडाचा गोळा वर गेला तेव्हा दिसलं की आपले हात एका कुजलेल्या प्रेताच्या पोटात गेलेत. घरात असं ऐकून वाढलेल्या माणसाने मरण देखणं काढलं नाही, ही मला त्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. २०१३ मध्ये फ्रेंच सरकारने 'लेजियाँ दॉनर' हा देशाचा सर्वोच्च सन्मान देऊ केला, तोही त्याने नाकारला.

पहिल्या पुस्तकातल्या एका प्रसंगावर थांबाच. १९१४ चं बेल्जियम. जर्मन सैन्य नागरिकांना ढालीसारखं पुढे घालून येतं, आणि फ्रेंच शिपायांना गोळीबाराचा हुकूम होतो. इथे पान उलटायची घाई करू नका. गोळी कुणाला लागते ते बघा.

एका बैठकीत सगळं वाचू नये. एक हकीकत झाली की पुस्तक मिटा. लहान मुलांच्या हाती तर देऊच नका.

पॅरिस कम्यूनचा, म्हणजे तिथल्या कष्टकऱ्यांच्या बंडाचा, रक्तरंजित मे १८७१ हवा असेल तर 'ल क्री द्यू पप्ल' आहे, चार खंडांत. पण मी त्याआधी 'स्टालाग दोन-बी' देईन. हे जर्मन युद्धकैदी छावणीचं नाव. तार्दीचे वडील रने तार्दी १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. मुलाच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या कैदेच्या आठवणी वह्यांत लिहून ठेवल्या. चित्रांत तार्दी स्वतः लहान मुलगा होऊन वडिलांच्या बाजूने चालतो, प्रश्न विचारतो, कधी त्यांच्याशी वादही घालतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची हकीकत ज्यांना चित्रांत मांडायची आहे, त्यांनी वही घेऊन हे पुस्तक वाचावं आणि मुलाचा प्रत्येक प्रश्न उतरवून काढावा.