परभाषेतून आलेल्या शब्दांचा उच्चार कसा साधावा

परका शब्द शिकताना तो कोणत्या भाषेतून आला आहे हे आधी पाहावे, कारण रोमन लिपीतील एकच अक्षर निरनिराळ्या भाषांत निरनिराळे उच्चारले जाते. ‘डेपो’ आणि ‘बुफे’ हे शब्द फ्रेंचमधले असून त्यांच्या अखेरीस ‘टी’ लिहिला जात असला, तरी तो उच्चारत नाहीत. ‘पिझ्झा’ मात्र इटालियन. तिथल्या जोड ‘झेड’चा ध्वनी ‘त्स’च्या जवळचा आहे, आणि ‘चाक’ या शब्दातला आपला दंततालव्य ‘च’ त्याला बराचसा जुळतो.

सर्वाधिक सराव ‘फ’ला लागतो. आरशासमोर उभे राहून ‘फळ’ म्हणावे: दोन्ही ओठ मिटून उघडले पाहिजेत. मग ‘फोन’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना अलगद टेकवून हवा अखंड सोडावी. हल्ली ‘फळ’ही दात टेकवूनच उच्चारले जाते, ते मला मनापासून खटकते, परका ध्वनी शिकताना आपला गमावू नये.

‘बेट’ आणि ‘बॅट’ यांतला फरक जबड्याचा आहे. ‘बॅट’ला तो अधिक खाली येतो. शंका उरल्यास शब्दकोशातील ध्वनिमुद्रण ऐकून शब्द पूर्ण वाक्यात दहादा म्हणावा.