मार्चमध्ये घरच्यांना घेऊन द्राक्षबागेत जाताना

आंबा अढीत पिकतो, केळी घरात पिकतात. द्राक्षाचं तसं नाही. कात्री लागली त्या क्षणी मणी जेवढा गोड, तेवढाच गोड राहतो. त्यामुळे बागेत जायचं तर दिवस नीट निवडा.

नान्नज सोलापूरपासून बार्शी रस्त्याने विसेक किलोमीटरवर आहे. ‘सोनाका’ हा वाण इथलाच. पंढरपूरकडे कासेगावच्या बागा. बहुतेक ठिकाणी तिकीट काढून आत जायची सोय नसते, ओळखीने विचारावं लागतं. फोनवर दोन गोष्टी विचारा. पहिली, फळछाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठी वेलीची केलेली छाटणी, कधी झाली? त्यात साधारण चार ते साडेचार महिने मिळवा, की घड तयार व्हायचा दिवस कळतो. २० ऑक्टोबरची छाटणी असेल तर २७ फेब्रुवारीला १३० दिवस भरतात. दुसरी, बाग व्यापाऱ्याला दिली आहे का? सौदा झालेल्या बागेतला घड शेतकऱ्यालाही परस्पर देता येत नाही. अशा वेळी व्यापाऱ्याची तोड झाल्यावर मागे राहिलेला माल मागा. त्यातले बरेचसे घड फक्त आकाराने बसत नाहीत म्हणून राहिलेले असतात, चवीला कमी नसतात. किलोचा भावही तेव्हाच ठरवून घ्या, नंतर दोघांनाही अवघड वाटतं.

शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, हेही विचाराच. प्रत्येक औषधाला फवारणी ते तोड असं ठरावीक अंतर ठेवावं लागतं. ते पाळलेलं असलं तरी मुलांना वेलीवरचा मणी थेट तोंडात टाकू देऊ नका. पाच लिटर पाण्याचा कॅन आणि एक चाळण सोबत ठेवली की तिथेच धुऊन खाता येतं. अवकाळी पाऊस झाला असेल तर जाणं पुढे ढकला. मणी तडकतात, त्यांवर माश्या आणि गांधीलमाश्या येतात, आणि तडकलेला एक मणी अख्खा घड नासवतो.

घरून सहालाच निघा. दव सुकल्यापासून साडेनऊपर्यंतची वेळ तोडीची. त्यानंतर मणी तापतो आणि तापलेला घड घरी येईपर्यंत मलूल होतो. पायात बूट हवेत, कारण ओळींतून ठिबकच्या नळ्या गेलेल्या असतात आणि धावणारी मुलं हमखास त्यांत अडकतात. शक्य असेल तर वाय पद्धतीची, म्हणजे इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवलेली बाग निवडा. तिथे घड मुलांच्या हाताशी येतात. मंडपाच्या बागेत ते डोक्यावर लोंबतात आणि लहानग्यांना उचलून घ्यावं लागतं.

घड पारखताना वरचा मणी चाखू नका, फसाल. गोडी आधी वरच्या खांद्याकडच्या मण्यांत उतरते, टोकाला शेवटी. टोकाचा एक मणी धुऊन खा. तो गोड लागला तर घड तयार. पांढऱ्या वाणात मणी हिरव्याचा पिवळसर होतो आणि उजेडात धरला की आरपार दिसू लागतो. काळ्या वाणात रंगावर जाऊ नका, रंग आधी येतो आणि साखर मागून.

तोडताना एका हाताने देठ धरायचा आणि दुसऱ्या हाताने काडीजवळ, म्हणजे घड लागलेल्या वेलीच्या फांदीजवळ, कात्री लावायची. दोन बोटं देठ घडाला राहू द्यावा. पिळून किंवा ओढून काढलं तर मणी गळतात, शिवाय काडी मोडते. लहान मुलांना बोथट टोकाची कात्री द्या. मण्यावर पांढुरकी पावडर दिसते ती औषधच असते असं नाही. ते द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं आणि त्यानेच आतलं पाणी टिकतं. म्हणून मणी हाताळायचे नाहीत, पुसायचे तर मुळीच नाहीत. निळसर डाग मात्र फवारणीचे असू शकतात, ते धुवायचे.

कॅरेटमध्ये तळाला कागद घाला आणि घडांचे दोनच थर लावा. चौघांच्या घराला पाच-सहा किलो पुरे. मुलांचा उत्साह पाऊण तासात संपतो, आणि जास्तीचं तोडलेलं शेजाऱ्यांकडेच जातं. गाडीची डिकी उन्हात भट्टी होते, कॅरेट सीटवर ठेवा. वर ओलं फडकं टाकायची चूक बरेच जण करतात. ओलाव्याने बुरशी धरते. कापड कोरडंच हवं.

घरी आल्यावर न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. खायच्या वेळी लागेल तेवढंच धुवा.

उरलेल्याचे बेदाणे घरी होतात. सुटे मणी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच काढा. मेण निघतं, सालीला बारीक चिरा जातात आणि पाणी लवकर उडतं. पातळ कापडाखाली उन्हात पसरा आणि रात्री आत घ्या. उन्हात वाळलेला बेदाणा तपकिरीच होतो. बाजारातला हिरवा बेदाणा सावलीतल्या शेडमध्ये वाळवलेला असतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा उतरतो, त्या हिशेबाने ताट काढा.