कॉल करण्याआधी भाव बघा

गौरी-गणपतीच्या जागराला तीन पत्ती बघत वाढलेला आमच्या खानापूरकडचा पोरगा पोकरकडे वळतो, तेव्हा एक सवय सोबत आणतोच: "एवढे घातलेत, आता बघितल्याशिवाय पॅक कसं व्हायचं?" बेळगावात मित्रांना टेक्सास होल्डेम (हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे पाच, असा पोकर) शिकवताना माझा निम्मा वेळ याच वाक्याशी भांडण्यात जातो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, पडलेल्या चिप्स आता कुणाच्याच नाहीत. पुढे किती भरायचे आणि मिळाले तर किती, एवढंच बघा.

पॉटमध्ये ६०० आहेत, समोरच्याने ३०० लावले. तुम्ही ३०० भरलेत की पॉट १२०० चा. ३०० भागिले १२००, म्हणजे २५ टक्के. जिंकण्याची शक्यता, म्हणजे इक्विटी, याहून जास्त असेल तर कॉल, म्हणजे तेवढेच भरून डावात राहणं, परवडतो. पॉटएवढी बेट आली तर ३३ टक्के लागतात, पॉटच्या तिसऱ्या हिश्शाला २०.

इक्विटीसाठी आउट्स, म्हणजे तुमचा डाव जुळवून देणारे उरलेले पत्ते, मोजायचे. हातात दोन बदाम, फ्लॉपवर (टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत) दोन बदाम, म्हणजे कलरसाठी (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) उरले ९. एक पत्ता यायचा असेल तर दुप्पट, दोन यायचे असतील तर चौपट: १८ आणि ३६ टक्के. खरे आकडे साधारण १९ आणि ३५, त्यामुळे टेबलावर हे चालतं.

नवखे अडकतात ते इथेच. फ्लॉपवर म्हणतात, "३६ आहेत, २५ लागतात, कॉल!" पण ते ३६ तेव्हाच खरे, जेव्हा दोन्ही पत्ते पुन्हा काही न भरता बघायला मिळतात, म्हणजे कुणीतरी ऑल-इन झालेला, सगळ्या चिप्स लावून बसलेला असतो. एरवी टर्नवर, म्हणजे चौथ्या पत्त्यावर, समोरचा परत लावणार. एका पत्त्याचे १९ टक्के २५ ला पुरत नाहीत. ही तूट कलर लागल्यावर त्याच्याकडून आणखी वसूल व्हायला हवी. वरच्या हिशोबात सरासरी ३७० च्या आसपास. आणि टेबलावर तिसरा बदाम पडलेला सगळ्यांनाच दिसतो! समोरचा सावध असेल तर तेवढे देणार नाही. पोटात लपलेला सिक्वेन्स, म्हणजे मधला पत्ता येऊन जुळलेला आणि समोरच्याला सहज न दिसणारा, जास्त कमावून देतो, असं माझं मत.

सगळे ९ आउट्स चोखही नसतात. फ्लॉप बदाम राजा, बदाम सत्ती, इस्पिक दुर्री असेल आणि समोर तीन राजे झालेले असतील, तर बदाम दुर्री तुमचा कलर करते, पण त्याचं फुल हाउस (तीन राजे, दोन दुर्र्या), आणि ते कलरला हरवतं. छोटा कलर असेल तर मी आणखी दोन-एक आउट्स मनातून वजा करतो.

सराव काजूच्या बियांवर करा. पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झालं आहे, आणि गावातल्या जुगारावर छापे पडतातच. चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत गेलातच, तर तिथे पॉटमधून रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापतात. तो पाच टक्के धरला तर १२०० चे ११४० होतात आणि कॉलला २५ ऐवजी २६ च्या वर टक्के लागतात.