असहाय रुग्णांची शुश्रूषा आणि काळजीचा सिद्धांत: नवोदित परिचारिकांसाठी

अमेरिकी परिचर्या-अभ्यासक जीन वॉटसन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या मानवी काळजीच्या सिद्धांतातील दहा घटक विद्यार्थी पाठ करतात. मात्र वॉर्डातल्या घाईत ते कुठे आणि कसे लागू करायचे, हे नवख्या परिचारिकेला सहसा उमगत नाही. मला प्रत्यक्ष कामात अधिक आधार दिला तो परिचर्या-संशोधक क्रिस्टन स्वान्सन यांच्या १९९१ मधील मांडणीने. रुग्णाला जाणून घेणे, त्याच्यासोबत असणे, त्याच्यासाठी करणे, त्याला सक्षम करणे आणि त्याच्यावरील विश्वास टिकवणे, अशा पाच प्रक्रिया तिच्यात आहेत.

यांपैकी पहिल्या प्रक्रियेवर मी सर्वाधिक भर देते. रात्री अचानक बरळू लागलेला, सलाईनची नळी ओढणारा वृद्ध रुग्ण केसपेपरवर 'सहकार्य करत नाही' एवढ्या शेऱ्यात संपतो; पण त्याचा चष्मा आणि श्रवणयंत्र कपाटात राहिले आहे का, लघवी तुंबली आहे का, वेदना, जंतुसंसर्ग किंवा नवे औषध या भ्रमामागे आहे का, हे तपासून डॉक्टरांना वेळीच कळवणे, हीच काळजीची सुरुवात असते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बोलता येत नाही, म्हणून त्याला सांगण्यासारखे काही नसते असे मुळीच नाही. त्याला 'हो' किंवा 'नाही' अशा उत्तराचे प्रश्न विचारावेत, पापण्यांच्या हालचालीची खूण ठरवावी आणि उत्तरासाठी थांबावे.

सोबत असण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तरीही ड्रेसिंग करताना लक्ष रुग्णाकडे ठेवणे आणि पुढे काय करणार आहोत हे त्याला आधी सांगणे शक्य असते.

'त्याच्यासाठी करणे' यात स्वान्सन यांनी कौशल्य आणि रुग्णाची प्रतिष्ठा या दोन्हींचा समावेश केला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कूस बदलण्यास उशीर झाला, तर माकडहाड आणि टाचांवरील सततच्या दाबाने त्वचेचा रक्तपुरवठा खुंटून जखमा होतात. तेथे केवळ गोड बोलणे पुरत नाही. स्पंज देताना पडदा ओढण्याचाही विसर पडू नये.

याउलट, सगळेच आपण करून टाकले तर रुग्ण अधिक परावलंबी होतो. पक्षाघातानंतर ज्याला सुरक्षितपणे गिळता येते, अशा रुग्णाला भरवणे लवकर उरकते, परंतु त्याच्या हातात चमचा देऊन शेजारी थांबणे हेच त्याला सक्षम करणे होय.

'सगळे ठीक होईल' असे सांगणे म्हणजे विश्वास टिकवणे नव्हे. आजार बरा होणारा नसला, तरी रुग्णाला आज काय जमावेसे वाटते हे विचारावे. मिळालेले उत्तर आणि ठरवलेल्या खुणा पाळी बदलताना तापमान व रक्तदाबाच्या नोंदींइतक्याच काटेकोरपणे पुढच्या परिचारिकेला सांगाव्यात, कारण रुग्णाबद्दल कमावलेली माहिती बहुधा याच वेळी हरवते.