व्हेलमवर डिंक दिसू देऊ नका

व्हेलम म्हणजे ट्रेसिंग पेपरचाच जाडसर, देखणा भाऊ. रंगीत कागदावर ठेवला की खालचा रंग धुक्यातून दिसावा तसा मवाळ होतो. पण मागे डिंक लावला की तो डाग समोरून स्पष्ट दिसतो, आणि ओल्या डिंकाने कागदाला सुरकुत्याही पडतात. म्हणून डिंक लावूच नका. वरच्या कडेला सुईने दोन टाके घाला, नाहीतर रिबिनीने बांधा. चिकटवायचंच असेल तर जिथे वर फूल किंवा नावाची पट्टी येणार आहे, बरोबर तिथेच मागे दुहेरी टेपचा छोटा तुकडा लावा.

माझा सगळ्यात आवडता प्रकार उठावाचा. व्हेलम पालथा घालून जाड फेल्टवर किंवा माऊसपॅडवर ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने हलक्या हाताने नक्षी गिरवा. दाबलेली प्रत्येक रेघ पांढरी होत जाते. एकदम जोर दिलात तर कागद फाटतो, त्यामुळे तीच रेघ दोन-तीनदा फिरवा. मग मागूनच रंगीत पेन्सिल घासा. समोरून रंग फार कोवळा दिसतो, रेघाही झाकल्या जात नाहीत.

शिक्क्याची शाई यावर लवकर वाळत नाही, बोट लागलं की फासते. तासभर हात लावू नका.

जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद असायचा, आठवतो? स्क्रॅपबुकात आजीच्या फोटोवर तसाच व्हेलमचा पडदा लावा, त्यावर तारीख लिहा. पडदा उचलला की आजी दिसते.