सामुदायिक रेडिओवर तरुणांचा कार्यक्रम करताय? या चुका टाळा

सामुदायिक रेडिओ म्हणजे आसपासच्या लोकांसाठी, त्यांच्याच सहभागातून चालणारं छोटं केंद्र. तिथं तरुणांचा कार्यक्रम थाटात सुरू होतो आणि चार-सहा भागांनंतर मुलं गळायला लागतात. खापर फुटतं मोबाइलवर. पण बहुतेक वेळा स्क्रिप्ट सरांनीच लिहिलेली असते. ‘आजचा युवक हा देशाचा आधारस्तंभ’ हे वाक्य सतरा वर्षांच्या मुलीला वाचायला लावलं, की ऐकणारा बटण फिरवणारच. तिच्या हातातला कागद काढून घ्या. सकाळची एसटी चुकली की कॉलेजचं काय होतं, एवढंच विचारा. अडखळली तर अडखळू द्या, एडिटिंग कशासाठी असतं?

शहरी आरजेची नक्कलही नको. शंभर वॅटचं स्टेशन साधारण दहा-पंधरा किलोमीटर ऐकू येतं. तिथल्या माणसांशी तिथलंच बोलावं. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून आणि शक्यतो स्थानिक बोलीत व्हावेत, असं सामुदायिक रेडिओबद्दलचं सरकारी धोरणच सांगतं.

उत्साही मुलं हमखास बातम्या द्यायला निघतात. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. (हा नियम मला पटत नाही, पण परवाना जपायचा तर पाळावा लागतो.) हवामान, खेळ, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, पाणी-विजेच्या सूचना मात्र चालतात. मुलांना नेमकं हेच हवं असतं.

आवाज फाटतोय? माइक तोंडासमोर धरू नका, वीतभर अंतरावर जरा तिरका ठेवा. ‘फ’, ‘भ’ची फडफड थांबते. वर्गात आवाज घुमतो, म्हणून मागे-पुढे गोधड्या टांगा आणि पंखा बंद करा. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉइस नोट करून पाठवली तर आवाजाचा दर्जा उतरतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच. घरातली मारहाण, लग्नाची जबरदस्ती असं काही मूल माइकवर बोलून जातं आणि आपण नाव बदलून ते लावतो. दहा किलोमीटरच्या पट्ट्यात नाव बदलून भागत नाही, आवाजावरूनच माणूस ओळखतात. असा मजकूर ओळख पटेल असे तपशील काढून, मुलाला आणि त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला विचारून, दुसऱ्याच्या आवाजात घ्या. मूल धोक्यात असेल तर प्रसारण राहू द्या, आधी 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन लावा.