मधकोठीतील माश्या खाली उतरवताना

मधकोठी म्हणजे मधमाश्यांच्या पेटीतील मध साठवण्याचा वरचा कप्पा. मध काढण्यासाठी ती उतरवण्यापूर्वी तिच्यातील माश्या खाली घालवाव्या लागतात; त्याआधी तिच्यातील चौकटी, म्हणजे पोळे धरणाऱ्या लाकडी चौकटी, तपासून घ्याव्यात. निदान तीन चतुर्थांश घरांवर मेणाची टोपणे चढलेली असावीत आणि चौकट आडवी धरून झटकल्यास उघड्या घरांतून रस गळू नये. चौकटीत पिल्ले आढळल्यास ती मागे ठेवावी, कारण दाई माश्या (पिल्लांना भरवणाऱ्या कामकरी माश्या) पिल्लांना सोडून हलत नाहीत आणि पुढचा सारा खटाटोप वाया जातो.

घाई नसेल तर एकेरी वाटेच्या फळीइतके शांत साधन दुसरे नाही. पिल्लांची कोठी आणि मधकोठी यांच्यामध्ये ही फळी बसवली की माश्या खाली जातात, पण त्यांना वर परतता येत नाही. फळीतील पोर्टर झडपेत, म्हणजे माशीला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या वाटेत, दोन लवचिक धातूच्या पट्ट्या टोकांशी जेमतेम 3 मिलिमीटर अंतर ठेवून बसवलेल्या असतात. माशी त्यांच्यामधून अंग रेटत निघून जाते. मात्र एखादा जाडजूड नर तिथे अडकला, किंवा प्रोपोलिसने (माश्या झाडांवरून गोळा करतात त्या चिकट डिंकाने) पट्ट्या चिकटल्या, तर वाट बंद होते, म्हणून फळी लावण्यापूर्वी झडप साफ करावी. साधारण 24 ते 48 तासांत कोठी रिकामी होते. वसाहत दाट असल्यास फळीखाली एक रिकामी कोठी द्यावी, नाहीतर उतरलेल्या माश्यांना जागाच उरत नाही.

या काळात वरच्या मधाला राखण नसते. झाकणाला बारीक फट जरी राहिली, तरी शेजारच्या वसाहतींतील माश्या तिथून मध लुटू लागतात. म्हणून सर्व फटी बुजवाव्यात आणि फळी दोन दिवसांहून अधिक ठेवू नये.

एक-दोनच पेट्या असतील तर प्रत्येक चौकट प्रवेशद्वारासमोर झटकून उरलेल्या माश्या मऊ ब्रशने झाडाव्यात आणि चौकट लगेच झाकणाच्या पेटीत ठेवावी. धूर मोजकाच द्यावा. जास्त धुराने माश्या टोपणे फोडून मध पिऊ लागतात आणि मधालाही धुराचा वास लागतो. वासाने माश्या पळवणारी द्रव्ये झटपट काम करतात खरी, पण मात्रा वाढली की माश्या खाली जाण्याऐवजी गुंगून जागीच राहतात, त्यामुळे नवख्याने त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे.

मोकळ्या झालेल्या कोठ्या ताबडतोब बंद खोलीत न्याव्यात. चुकून आत आलेल्या माश्या उजेडाकडे, म्हणजे खिडकीच्या काचेवर जमतात. संध्याकाळी खिडकी क्षणभर उघडून त्यांना बाहेर सोडावे.